ऑल्सी पेरी : एका बास्केटबॉलपटूची कारकीर्द आणि इस्राएली नागरिकत्वाचा प्रश्न (१९७६-१९८७)

प्रस्तावना

मराठीत इस्राएलविषयी जे लेखन झाले आहे ते बहुतांशी युद्धे, किबुत्झ, ठिबक सिंचन आणि हिब्रू भाषेचे पुनरुज्जीवन या विषयांभोवती फिरते. तेथील समाजाचा अंतर्गत इतिहास, म्हणजे निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांना 'आपले' मानण्याची प्रक्रिया कशी घडली, कोठे अडली आणि कोणासाठी सुलभ झाली, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. हा इतिहास संसदेच्या ठरावांतून व न्यायालयीन निवाड्यांतून वाचता येतो, तसाच तो क्रीडांगणावरूनही वाचता येतो. किंबहुना क्रीडांगणावर तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे समाज आपली पसंती कोणाच्या आदेशाशिवाय व्यक्त करीत असतो.

प्रस्तुत लेखात ऑल्सी पेरी या बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीचा विचार या दृष्टीने केला आहे. पेरी हे अमेरिकेत जन्मलेले कृष्णवर्णीय खेळाडू. १९७६ साली ते व्यवसायानिमित्त तेल अवीवला आले, तेथील सर्वांत मोठ्या संघाचे सेंटर झाले, १९७८ मध्ये त्यांनी यहुदी धर्म स्वीकारला व इस्राएलचे नागरिकत्व घेतले. दोन वेळा युरोपचे विजेतेपद मिळविणाऱ्या संघाचा ते आधारस्तंभ होते. १९८७ मध्ये हेरॉइनच्या तस्करीच्या आरोपावरून अमेरिकेतील न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. उदय आणि अस्त यांची ही कथा क्रीडापत्रकारितेत अनेकदा सांगितली गेली आहे. येथे मुख्य प्रश्न वेगळा आहे : ज्या समाजात 'यहुदी कोण' हा प्रश्न त्याच वर्षांत अत्यंत तीव्र होता, त्या समाजाने पेरी यांना इतक्या सहजतेने कसे स्वीकारले, आणि त्या स्वीकाराला कोणत्या मर्यादा होत्या?

मक्काबी तेल अवीव आणि १९७६ पूर्वीची परिस्थिती

इस्राएलमधील क्रीडासंस्था राष्ट्रस्थापनेपूर्वीच राजकीय प्रवाहांनुसार विभागल्या गेल्या होत्या. हापोएल ही संघटना हिस्ताद्रुत या कामगार महासंघाशी जोडलेली, बेतार उजव्या राष्ट्रवादी प्रवाहाची, एलित्सुर धार्मिक गटाची आणि मक्काबी ही मध्यमवर्गीय, उदारमतवादी वर्तुळाची. कोणत्या संघाचे समर्थन करायचे हे घराच्या राजकारणावरून ठरत असे. मक्काबी तेल अवीव या क्लबची स्थापना १९०६ सालची, म्हणजे उस्मानी राजवटीतली. त्याचा बास्केटबॉल विभाग १९३० च्या दशकात सुरू झाला. १९५३-५४ मध्ये राष्ट्रीय लीग स्पर्धेला प्रारंभ झाल्यापासून या संघाचे वर्चस्व होते. १९६९-७० ते १९९१-९२ या काळात तर त्याने सलग २३ वेळा लीगचे विजेतेपद मिळविले. अशा एकतर्फी वर्चस्वामुळे देशांतर्गत स्पर्धेत चुरस उरली नाही, व संघाची खरी परीक्षा युरोपात होऊ लागली.

युरोपात का, हा प्रश्न भारतीय वाचकास पडणे स्वाभाविक आहे. इस्राएल भौगोलिकदृष्ट्या आशियात आहे आणि आशियाई क्रीडास्पर्धांतील बास्केटबॉलचे सुवर्णपदक त्याने १९६६ मध्ये बँकॉक येथे व १९७४ मध्ये तेहरान येथे मिळविले होते. परंतु अरब राष्ट्रांच्या बहिष्कारामुळे १९७४ नंतर आशियाई स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. त्याच वर्षी आशियाई फुटबॉल महासंघातूनही त्याची हकालपट्टी झाली. बास्केटबॉलमध्ये मात्र इस्राएल १९५३ पासूनच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेत होता आणि मक्काबी तेल अवीव युरोपियन चॅम्पियन्स कपमध्ये खेळत होता. त्यामुळे अन्य खेळांत जे निर्वासितपण आले ते या खेळात आले नाही. बास्केटबॉल हा इस्राएलचा एक प्रकारे परराष्ट्रीय खेळ झाला, यामागे ही परिस्थिती आहे.

उंचीची उणीव ही मात्र जुनी होती. इस्राएलचे पहिले नामवंत सेंटर म्हणजे लॅटव्हियातील रिगा येथे १९३९ साली जन्मलेले तान्खुम कोहेन-मिंत्झ. १९६० च्या दशकात युरोपच्या निवड संघात स्थान मिळविण्याइतकी त्यांची योग्यता होती. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरून काढणारा खेळाडू देशात नव्हता. अमेरिकेत जन्मलेले ताल ब्रॉडी १९६६ मध्ये मक्काबीत आले व १९७० मध्ये कायमचे स्थायिक झाले. त्यांनी खेळाची गती बदलली, सरावाची शिस्त आणली. परंतु ब्रॉडी हे गार्ड होते. बास्केटच्या खाली उभे राहून सोव्हिएत किंवा इटालियन संघांच्या उंच खेळाडूंना अडविणे हे त्यांचे काम नव्हते.

१९७३ च्या योम किप्पूर युद्धानंतर इस्राएली समाजाचा आत्मविश्वास डळमळीत झाला होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने झायोनवाद हा वंशवादाचा प्रकार असल्याचा ठराव संमत केला. भारतानेही त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. जागतिक पातळीवरील हे एकाकीपण लक्षात घेतल्याशिवाय १९७७ मधील एका चषकाला लाभलेले महत्त्व समजू शकत नाही.

न्यूअर्क ते तेल अवीव

ऑल्सी पेरी यांचा जन्म १९५० साली न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे झाला. जुलै १९६७ मध्ये या शहरात झालेली वांशिक दंगल अमेरिकेतील त्या दशकाच्या भीषण दंगलींपैकी एक होती. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी फ्लोरिडातील डेटोना बीच येथील बेथ्यून-कुकमन कॉलेजमध्ये शिक्षण घेतले. मेरी मॅकलिऑड बेथ्यून या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९०४ साली मुलींसाठी काढलेल्या शाळेतून ही संस्था वाढली होती. येथून बाहेर पडलेल्या खेळाडूंकडे मोठ्या व्यावसायिक संघांचे लक्ष सहसा उशिरा जाई.

पेरी यांनी १९७४-७५ च्या हंगामात व्हर्जिनिया स्क्वायर्स या संघातर्फे ए.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेत थोडे सामने खेळले. न्यूयॉर्क निक्स या संघात प्रवेश मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. येथे एक आर्थिक घटक ध्यानात घ्यावा लागतो, ज्याचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात क्वचितच येतो. १९७६ च्या उन्हाळ्यात ए.बी.ए. ही स्पर्धा संपुष्टात आली. तिचे केवळ चार संघ एन.बी.ए. मध्ये सामावून घेतले गेले. व्हर्जिनिया स्क्वायर्स तर त्यापूर्वीच बंद पडला होता. परिणामी चांगल्या दर्जाचे अनेक खेळाडू एकाच वेळी बेकार झाले. इटली, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम आणि इस्राएल येथील क्लबांना त्या वर्षी अमेरिकी खेळाडू स्वस्तात व विपुल मिळू शकले ते यामुळे. पेरी यांचे तेल अवीवला जाणे हा योगायोग मानला जातो. त्यात योगायोगाचा अंश होता खरा, परंतु त्यामागे श्रमबाजारातील ही उलथापालथ होती.

योगायोगाचा भाग असा की न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रकर पार्क या उघड्या मैदानावर चालणाऱ्या उन्हाळी सामन्यांत मक्काबीचे व्यवस्थापक श्मुएल माहारोव्स्की यांनी त्यांना पाहिले. 'शामलुक' या टोपणनावाने ओळखले जाणारे माहारोव्स्की खेळाडूंच्या शोधात अमेरिकेत आले होते. २ मीटर ८ सेंटीमीटर उंची, सडपातळ शरीर आणि त्या उंचीला न शोभणारी चपळता हे पेरी यांचे वैशिष्ट्य होते.

ही चपळता का उपयोगी पडली याचे तांत्रिक कारण आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बास्केटसमोरील निषिद्ध क्षेत्र त्या काळी समलंब चौकोनाच्या आकाराचे, म्हणजे तळाशी रुंद असे होते. त्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नसे. त्यामुळे केवळ बास्केटखाली बळाने उभा राहणारा सेंटर अमेरिकेत जितका प्रभावी ठरे तितका युरोपात ठरत नसे. त्याला बाहेरून आत यावे लागे, थोड्या दुरूनही नेम साधावा लागे. पेरी हे दोन्ही करू शकत. शिवाय रिबाउंड घेतल्यावर चेंडू त्वरित ब्रॉडी किंवा मिकी बेर्कोविच यांच्याकडे सोपवून स्वतःही पुढे धावणे, हा मक्काबीच्या जलद आक्रमणाचा पाया झाला.

प्रशिक्षक राल्फ क्लाइन यांची निवडही येथे नोंदविली पाहिजे. बर्लिनमध्ये १९३१ साली जन्मलेले, युद्धकाळ हंगेरीत काढलेले आणि वडिलांना आउश्विट्झमध्ये गमावलेले क्लाइन हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इस्राएलकडून खेळले होते. त्यांच्या संघात इस्राएलमध्ये वाढलेले बेर्कोविच व मोती आरोएस्ती, अमेरिकेतून आलेले यहुदी ब्रॉडी व लू सिल्व्हर, आणि यहुदी नसलेले अमेरिकी पेरी व जिम बोटराइट असे निरनिराळ्या वाटांनी आलेले खेळाडू एकत्र आले होते.

१९७७ चे विजेतेपद

१९७६-७७ च्या युरोपियन चॅम्पियन्स कपमध्ये उपान्त्य फेरी सहा संघांच्या गटाची होती. त्यात इटलीचा व्हारेझे, मॉस्कोचा त्स्स्का (सोव्हिएत सैन्याचा संघ), रिआल माद्रिद, बेल्जियमचा मेखेलेन, चेकोस्लोव्हाकियाचा झ्ब्रोयोव्का बर्नो आणि मक्काबी यांचा समावेश होता. सोव्हिएत संघराज्याने १९६७ च्या युद्धानंतर इस्राएलशी राजनैतिक संबंध तोडले होते. सोव्हिएत संघ तेल अवीवला येण्यास तयार नव्हता, आणि इस्राएली संघाला मॉस्कोचा प्रवेश मिळणे शक्य नव्हते. अखेर १७ फेब्रुवारी १९७७ रोजी बेल्जियममधील व्हिर्टन या आडवळणाच्या गावी, एका लहानशा सभागृहात हा सामना झाला. मक्काबीने तो ९१-७९ असा जिंकला.

सामन्यानंतर दूरचित्रवाणीच्या वार्ताहराशी बोलताना ब्रॉडी यांनी अमेरिकी वळणाच्या हिब्रूत जे उद्गार काढले ते इस्राएलच्या सार्वजनिक भाषेचा भाग झाले. आपण नकाशावर आलो आहोत, येथेच राहणार आहोत, आणि केवळ खेळात नव्हे तर सर्वच बाबतींत, असा त्यांचा आशय होता. नकाशा ही प्रतिमा त्या क्षणी सहज सुचली असेल. परंतु ज्या देशाचे अस्तित्वच शेजारच्या अनेक देशांच्या नकाशांवर दाखविले जात नव्हते, तेथे तिचा अर्थ शब्दशः घेतला गेला.

अंतिम सामना ७ एप्रिल १९७७ रोजी बेलग्रेड येथे झाला. युगोस्लाव्हियाचेही इस्राएलशी तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते, तरी स्पर्धेसाठी इस्राएली संघ व त्याचे समर्थक तेथे जाऊ शकले. प्रतिस्पर्धी व्हारेझे हा त्या दशकातील युरोपचा सर्वश्रेष्ठ संघ होता. १९७० ते १९७९ या काळात त्याने सलग दहा अंतिम सामने खेळले व त्यांपैकी पाच जिंकले. त्याचे सेंटर दिनो मेनेगीन हे इटलीच्या इतिहासातील महान खेळाडूंत गणले जातात. मेनेगीन यांच्याशी झुंजण्याची जबाबदारी मुख्यतः पेरी यांच्यावर होती. गुणांच्या यादीत अशी झुंज पूर्णपणे उमटत नाही. सेंटरचे काम पुष्कळदा दुसऱ्याला गुण मिळू न देण्याचे असते, आणि क्रीडावृत्तांतांत ते नेहमीच दुय्यम ठरते. बोटराइट यांचे गुण सर्वांच्या स्मरणात राहिले. मक्काबीने ७८-७७ असा एका गुणाने विजय मिळविला.

त्याच रात्री पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी पत्नीच्या नावे वॉशिंग्टन येथील बँकेत असलेल्या खात्याच्या प्रकरणावरून आगामी निवडणुकीतील पक्षाची उमेदवारी सोडत असल्याचे जाहीर केले. देशात एकच दूरचित्रवाणी वाहिनी होती. त्यामुळे विजयाचा जल्लोष आणि पंतप्रधानांची निवृत्तीची घोषणा हे दोन्ही प्रेक्षकांनी एकाच पडद्यावर, एकापाठोपाठ एक पाहिले. मे महिन्यातील निवडणुकीत मजूर पक्षाची राष्ट्रस्थापनेपासूनची सत्ता संपली व मेनाखेम बेगिन पंतप्रधान झाले. इस्राएली स्मरणात त्या वर्षाच्या या तीन घटना एकमेकींत गुंतल्या आहेत.

पुढील काही वर्षे पेरी यांच्या यशाची होती. १९७८ मध्ये मक्काबीने तेल अवीव येथील प्रदर्शनीय सामन्यात एन.बी.ए. विजेत्या वॉशिंग्टन बुलेट्सचा ९८-९७ असा पराभव केला. १९८० च्या युरोपीय अंतिम सामन्यात रिआल माद्रिदकडून हार पत्करावी लागली. १९८१ मध्ये स्ट्रासबर्ग येथे बोलोन्याच्या संघाला ८०-७९ असे हरवून दुसरे विजेतेपद मिळाले, पुन्हा एका गुणाच्याच फरकाने. १९८२ च्या अंतिम सामन्यात इटलीचाच कान्तू संघ वरचढ ठरला. गुरुवारी संध्याकाळी युरोपीय सामना पाहणे हा इस्राएली घरांतील नित्यक्रम झाला होता, आणि एकमेव वाहिनीमुळे पेरी यांचा चेहरा देशातील प्रत्येक घरात परिचित होता. तामी बेन अमी या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध मॉडेलशी असलेल्या त्यांच्या संबंधांमुळे क्रीडापृष्ठांबाहेरही त्यांची चर्चा होत राहिली.

धर्मांतर आणि नागरिकत्व

१९७८ मध्ये पेरी यांनी यहुदी धर्म स्वीकारला व 'एलिशा बेन अवराहम' हे हिब्रू नाव घेतले. धर्मांतरित व्यक्तीस 'अब्राहामचा पुत्र' असे पितृनाम देण्याचा प्रघात जुना आहे. त्यानंतर ते इस्राएलचे नागरिक झाले.

या घटनेमागील कायद्याची चौकट थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९५० च्या 'परतीच्या कायद्या'ने प्रत्येक यहुदी व्यक्तीस इस्राएलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला, परंतु यहुदी कोण याची व्याख्या केली नाही. १९७० मध्ये दुरुस्ती होऊन यहुदी मातेच्या पोटी जन्मलेली किंवा धर्मांतरित, आणि अन्य धर्माची अनुयायी नसलेली व्यक्ती अशी व्याख्या करण्यात आली. धर्मांतर कोणत्या पद्धतीचे असावे हे मात्र कायद्याने सांगितले नाही, व तो वाद पुढे अनेक वर्षे चालत राहिला. बास्केटबॉलच्या व्यवहाराशी या तरतुदीचा प्रत्यक्ष संबंध होता. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असे. धर्मांतराने नागरिक झालेला खेळाडू त्या मर्यादेत मोजला जात नसे. संघाला एक जागा मोकळी मिळे. साहजिकच खेळाडूंच्या धर्मांतरांकडे संशयाने पाहिले जाई.

पेरी यांच्या बाबतीत हा संशय कितपत योग्य होता? व्यक्तीच्या श्रद्धेचा निवाडा इतिहासकाराने करू नये हे खरे, परंतु वर्तनाची नोंद घेता येते. खेळ संपल्यावर, कीर्ती गेल्यावर, तुरुंगवासानंतरही त्यांनी इस्राएल हेच आपले घर मानले. केवळ सोयीसाठी केलेले धर्मांतर इतके टिकत नाही. मात्र त्यांचा मार्ग सुकर झाला यात क्लबच्या हिताचा आणि लोकप्रियतेचा वाटा नव्हता असे म्हणणेही धाडसाचे होईल.

याच वर्षांत अन्य कृष्णवर्णीयांचा अनुभव काय होता, हे पाहिल्यास फरक लक्षात येतो. १९६९ पासून शिकागोहून लायबेरियामार्गे आलेल्या आफ्रिकी-अमेरिकी 'हिब्रू इस्राएली' गटाने नेगेव वाळवंटातील दिमोना येथे वसाहत केली होती. आपण प्राचीन इस्राएलींचे वंशज आहोत असा त्यांचा दावा होता. शासनाने त्यांना यहुदी मानले नाही, आणि धर्मांतराचा मार्ग त्यांनी स्वतः नाकारला, कारण जे आपण आहोतच ते पुन्हा कशाला व्हायचे अशी त्यांची भूमिका होती. संपूर्ण १९७० चे दशक व त्यापुढेही त्यांच्यावर हद्दपारीची टांगती तलवार होती. कायम निवासाचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. इथिओपियातील यहुद्यांना १९७३ मध्ये सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी व १९७५ मध्ये शासनाने मान्यता दिली. नोव्हेंबर १९८४ ते जानेवारी १९८५ या काळात 'ऑपरेशन मोझेस'द्वारे त्यांच्यापैकी हजारो लोक सुदानमार्गे आणले गेले. तरीही विवाहापूर्वी त्यांनी प्रतीकात्मक स्नानविधी करावा असा आग्रह धरला गेल्याने १९८५ मध्ये त्यांना जेरुसलेममधील मुख्य रब्बीपीठासमोर निदर्शने करावी लागली. पेरी तेव्हा कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात होते. एकाच देशात, एकाच दशकात, एका कृष्णवर्णीय व्यक्तीचे यहुदीपण प्रेक्षागृहातील दहा हजार लोक निःशंकपणे मान्य करीत होते, आणि दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या यहुदी म्हणून जगलेल्यांकडे पुरावा मागितला जात होता.

मराठी वाचकाला या प्रसंगी कोकणातील बेने इस्राएल समाजाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. रायगड जिल्ह्यातील गावांतून व मुंबईतून इस्राएलला गेलेल्या या मराठीभाषक समाजापैकी अनेक जण दिमोना, लोद, अश्दोद, बेरशेवा अशा ठिकाणी वसले. घरी मराठी बोलणारे, शनिवार पाळल्यामुळे पूर्वी 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे हे लोक. परंतु १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मुख्य रब्बीपीठाने त्यांच्या विवाहांबाबत पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध या समाजाने दीर्घ आंदोलन केले, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. शतकानुशतके कोकणात सब्बाथ व सुंता पाळणाऱ्या समाजाला संसदेच्या ठरावाची गरज भासावी, आणि चौदा वर्षांनंतर न्यूअर्कच्या एका तरुणाला 'एलिशा' म्हणून हाक मारताना कोणास अडखळल्यासारखे होऊ नये, यातील विरोध बोलका आहे. अर्थात दोन्ही बाबी एका मापाने मोजता येत नाहीत. पेरी यांनी विधिवत धर्मांतर केले होते, म्हणजे रब्बींच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. बेने इस्राएलांनी धर्मांतर करण्यास नकार दिला, कारण ते करणे म्हणजे स्वतःचा भूतकाळ खोटा ठरविणे होते. नवागताला आपला भूतकाळ सोडून देता येतो; जुन्या समाजांना तोच तर राखायचा असतो. दिमोनातील हिब्रू इस्राएलींची भूमिका, त्यांचा दावा मान्य असो वा नसो, या बाबतीत त्याच गावात राहणाऱ्या बेने इस्राएलांच्या भूमिकेशी जुळते.

उतरता काळ

१९८० च्या दशकाच्या आरंभापासून दुखापती व अमली पदार्थ यांनी पेरी यांच्या खेळाचा घास घेतला. १९८३ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात इस्राएलमध्ये त्यांना दोषी ठरविण्यात आले. त्यानंतरही ते काही काळ खेळले. १९८५ पर्यंत त्यांची कारकीर्द संपली. १९८७ मध्ये हेरॉइनची अमेरिकेत तस्करी केल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्कमधील न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले.

या काळातील क्लबच्या भूमिकेविषयी मतभेद आहेत, आणि ते पुढील अभ्यासाचा विषय होऊ शकतात. एक गोष्ट मात्र त्या काळच्या व्यवस्थेतूनच स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नावातच १९८९ पर्यंत 'हौशी' हा शब्द होता. खेळाडूंना मानधन मिळे, परंतु व्यवसायाला जोडून येणारी संरक्षणे, म्हणजे दीर्घ मुदतीचा वैद्यकीय आधार, व्यसनमुक्तीची सोय, निवृत्तीनंतरची तरतूद, यांपैकी फारसे काही नव्हते. वेदना सहन करून खेळणारा सेंटर ही संघाची गरज होती. व्यसनाची जबाबदारी व्यक्तीवरच येते हे मान्य केले, तरी शरीर हेच ज्याचे भांडवल त्या कामगाराचे शरीर निकामी झाल्यावर त्याचे काय, हा प्रश्न गिरणगावाचा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांना अपरिचित नाही.

इस्राएली वृत्तपत्रांनी त्यांच्या अटकेचे वृत्त 'आपल्या' माणसाच्या पतनाचे म्हणून दिले की 'त्या अमेरिकना'चे म्हणून, हे तपासणे उद्बोधक ठरेल. नागरिकत्वाची खरी कसोटी विजयाच्या मिरवणुकीत लागत नाही. अपराधी ठरलेल्या माणसालाही ते नागरिकत्व उरते का, यावर ती लागते. कायद्याने ते उरले. शिक्षेची पूर्ण मुदत संपण्यापूर्वी सुटका झाल्यावर १९९० च्या दशकात पेरी इस्राएलला परतले. तेल अवीवमध्ये त्यांनी बर्गरच्या दुकानाचे व्यवस्थापन केले, मुलांना बास्केटबॉल शिकविले, आणि हळूहळू मक्काबीच्या सामन्यांना प्रेक्षक म्हणून उपस्थित राहू लागले.

दिग्दर्शक दानी मेनकिन यांनी १९७७ च्या विजयावर २०१६ मध्ये माहितीपट केला, आणि २०२० मध्ये केवळ पेरी यांच्यावर दुसरा. पहिल्या माहितीपटात नकाशा, शीतयुद्ध आणि राष्ट्राचा आनंद आहे. दुसऱ्यात वय झालेला, आजारी, अवाढव्य उंचीचा एक मनुष्य अमेरिकेत राहून गेलेल्या आपल्या मुलीचा शोध घेताना दिसतो.